व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोलची लेव्हल: चार पद्धतींचा लेखाजोखा

बुरशीविरोधी औषधाच्या रक्तातल्या लेव्हलचा, ‘व्होरिकोनाझोल ०.८ मि.ग्रॅ./लि.’ एवढी एकच ओळ असलेला रिपोर्ट हातात आला, तर त्यावरून डोस वाढवावा की तसाच ठेवावा हे ठरवता येत नाही. रक्त डोसच्या आधी घेतले की नंतर, औषध सुरू होऊन किती दिवस झाले, ट्यूब कोणती होती आणि आकडा कोणत्या पद्धतीने काढला, एवढे कळले की मगच ०.८ ला अर्थ येतो. रक्तातली बुरशीविरोधी औषधे मोजायच्या चार पद्धती सध्या प्रयोगशाळांत आहेत: एलसी-एमएसएमएस (कॉलममध्ये रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी), यूव्ही डिटेक्टरची एचपीएलसी (तसेच वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारी), इम्युनोअसे (अँटिबॉडीने मोजणारी) आणि जुनी बायोअसे (बुरशीची वाढ किती थांबते ते पाहणारी). चारही पद्धती आकडा देतात, पण त्या आकड्यांची किंमत सारखी नसते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. रोज बऱ्यापैकी सँपल येत असतील आणि तीन-चार औषधे मोजायची असतील, तर एलसी-एमएसएमएसला तोड नाही. आठवड्याला पाच-सात सँपल आणि त्यातही बहुतेक व्होरिकोनाझोलचीच असतील, तर नीट बसवलेली एचपीएलसी रुग्णाच्या जास्त उपयोगाची. बायोअसेवर आज उपचार ठरवू नयेत.

मोजायची गरज का पडते, ते थोडक्यात. व्होरिकोनाझोल शरीरात सरळ हिशेबाने वागत नाही. तोंडाने २०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा घेणाऱ्याचा डोस ३०० केला, तर डोस दीडपट होतो, पण रक्तातला एकूण साठा सरासरी अडीचपट चढतो. त्यात हे औषध यकृतात मुख्यतः सीवायपी२सी१९ या एन्झाइमने मोडते आणि त्याचे मंद काम करणारे जनुकरूप आपल्याकडे भरपूर आढळते. दक्षिण आशियाई लोकांत दर तीन जनुकप्रतींमागे साधारण एक प्रत निकामी प्रकारची असते. सूज जास्त असेल, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारे प्रथिन) चढलेला असेल, तर हेच एन्झाइम आणखी मंदावते. त्यामुळे संसर्ग ओसरू लागला की त्याच डोसवर लेव्हल आपोआप खाली येते. लोझानच्या गटाने २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात १ मि.ग्रॅ./लि. किंवा त्याखाली लेव्हल असलेल्या ४६ टक्के रुग्णांत औषध लागू पडले नव्हते, त्यावरच्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. ५.५ च्या वर गेलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्णांत मेंदूवर परिणाम दिसला. सोलमध्ये ११० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली छापलेल्या यादृच्छिक चाचणीत लेव्हल पाहून डोस ठरवलेल्या गटात दुष्परिणामांमुळे औषध बंद करावे लागण्याचे प्रमाण ४ टक्के होते, ठरावीक डोसच्या गटात ते १७ टक्के होते. म्हणून १ ते ५.५ हा पट्टा महत्त्वाचा, आणि कोणत्याही पद्धतीची खरी परीक्षा याच दोन टोकांपाशी होते.

एलसी-एमएसएमएस

काम दिसायला सोपे आहे. ५० ते १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा किंवा सीरम घ्यायचा, त्यात तिप्पट ॲसिटोनायट्राइल घालायचे. या ॲसिटोनायट्राइलमध्येच इंटर्नल स्टँडर्ड मिसळलेले असते, म्हणजे प्रत्येक ट्यूबमध्ये तुलनेसाठी सारखेच घातलेले, ज्याचे काही हायड्रोजन ड्युटेरियमने बदलले आहेत असे तेच औषध. व्हॉर्टेक्स केले की प्रथिने पांढरी होऊन फुटतात. १०,००० जी च्या वर दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज केले की तळाशी घट्ट गोळा बसतो. वरचे स्वच्छ द्रव काढून पाणी घालून पातळ करायचे आणि ५ ते १० मायक्रोलिटर इंजेक्ट करायचे. ५० मि.मी.चा सी१८ कॉलम, मोबाइल फेजमध्ये ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिड, पॉझिटिव्ह आयन मोड. व्होरिकोनाझोल ३५० वरून २८१, पोसाकोनाझोल ७०१ वरून ६८३, इट्राकोनाझोल ७०५ वरून ३९२, हायड्रॉक्सी-इट्राकोनाझोल ७२१ वरून ४०८ अशा मूळ रेणू आणि त्याचा तुकडा यांच्या वस्तुमानांच्या जोड्यांवर यंत्र नजर ठेवते. एका सँपलला पाच मिनिटांच्या आत चारही आकडे मिळतात.

गडबड होते ती बारीकसारीक जागी. ॲसिटोनायट्राइल पिपेटच्या टिपेतून टपकते. टीप आधी दोन-तीनदा भरून रिकामी केली नाही, तर पहिल्या दोन ट्यूबमध्ये कमी पडते आणि इंटर्नल स्टँडर्ड त्यातच असल्याने निकाल त्या प्रमाणात बिघडतो. वरचे द्रव किती पातळ करावे, हीसुद्धा कसरतच आहे. पाणी कमी घातले तर व्होरिकोनाझोलचे पीक (आलेखावरचा उंचवटा) पुढून फुगते किंवा दुभंगते, कारण सँपलमधले सॉल्व्हंट कॉलममध्ये शिरतानाच औषधाला पुढे ढकलते. पाणी फार घातले तर पोसाकोनाझोल आणि इट्राकोनाझोल हे दोन्ही तेलकट, पाण्याला न मानणारे रेणू व्हायलच्या भिंतीला चिकटून बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. चौघांना एकाच रनमध्ये धरायचे असेल, तर इंजेक्शनच्या द्रावणात साधारण ४० ते ५० टक्के ऑरगॅनिक ठेवून इंजेक्शनचे आकारमान कमी करणे हा त्यातल्या त्यात चांगला मध्यममार्ग.

चिकटण्याचाच दुसरा ताप म्हणजे कॅरीओव्हर, आधीच्या सँपलचे औषध पुढच्यात उतरणे. सर्वांत वरच्या कॅलिब्रेटरनंतर (ज्यात औषधाचे प्रमाण आधीच ठाऊक असते ते सँपल) लगेच ब्लँक, म्हणजे औषध नसलेले सँपल, चालवून पाहावा. त्यात पोसाकोनाझोलचे पीक खालच्या कॅलिब्रेटरच्या २० टक्क्यांहून मोठे दिसले, तर सुईचा वॉश बदलावा. नुसत्या पाणी-मेथेनॉलने तो डाग निघत नाही, आयसोप्रोपॅनॉल असलेला वॉश लागतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती खर्च वाचवायला एकच इंटर्नल स्टँडर्ड सगळ्या औषधांना वापरल्याने. ड्युटेरियमचे व्होरिकोनाझोल लवकर बाहेर पडते, पोसाकोनाझोल बरेच उशिरा आणि फॉस्फोलिपिडांच्या (रक्तातल्या चरबीसारख्या रेणूंच्या) घोळक्याच्या आसपास. तिथे आयनीकरण दबते. लवकर बाहेर पडलेल्या स्टँडर्डला त्या दबावाचा पत्ताच नसतो, म्हणून दुरुस्ती होत नाही. प्रत्येक औषधाला त्याचेच जुळे हवे. १८४ या वस्तुमानावर फॉस्फोलिपिड कुठे बाहेर पडतात ते पद्धत बसवतानाच पाहून घ्यावे आणि औषधाचे पीक तिथून बाजूला सरकवावे.

चांगल्या प्रयोगशाळेची खूण विचाराल तर आम्ही एकच आलेख मागू: पूर्ण रनमधल्या प्रत्येक सँपलच्या इंटर्नल स्टँडर्डच्या क्षेत्रफळाचा. सगळे ठिपके एका आडव्या पट्ट्यात असतात. मध्येच एखादा ठिपका निम्म्यावर उतरला, तर त्या ट्यूबमध्ये काहीतरी झाले आहे: सीरम चरबीने दुधाळ होता, सुईत गोळ्याचा तुकडा अडकला किंवा स्टँडर्ड कमी पडले. भागाकार जुळून आकडा ठीकठाक दिसला, तरी ते सँपल पुन्हा काढायला हवे.

आणखी एक अडचण व्होरिकोनाझोलचीच. त्याचा मुख्य मेटाबोलाइट (शरीरात औषधापासून बनणारा पदार्थ) एन-ऑक्साइड, आणि तो बुरशीवर जवळजवळ निष्क्रिय. यंत्राच्या तापलेल्या तोंडाशी त्याचा ऑक्सिजन गळून पडू शकतो, आणि मग तो मूळ औषध म्हणून मोजला जातो. एका मिनिटात रन उरकण्याच्या नादात कॉलम फार आखूड केला, तर ही दोन पीक एकमेकांवर बसतात. ती वेगळी दिसतील एवढा वेळ द्यायलाच हवा.

कॅलिब्रेशन ०.१ ते १० मि.ग्रॅ./लि. पुरे होते, किमान सहा बिंदू आणि १/एक्स² वजन, म्हणजे खालच्या बिंदूंना जास्त महत्त्व. हे वजन दिले नाही तर वरचे बिंदू रेषा आपल्याकडे ओढतात आणि ०.५ च्या आसपासचे आकडे वाकडे येतात, म्हणजे नेमके तिथेच, जिथे डॉक्टरला उत्तर हवे असते. कंट्रोल, म्हणजे पद्धत तपासायची ठाऊक सँपल, १ आणि ५.५ च्या जवळ असावेत. पुष्कळ ठिकाणी ते ०.३ आणि ८ ला ठेवलेले दिसतात, त्यातून निर्णयाच्या जागेबद्दल काही कळत नाही. स्वीकाराची मर्यादा १५ टक्के, अगदी खालच्या बिंदूला २० टक्के. १० च्या वरचे सँपल पातळ करायचे ते औषध नसलेल्या प्लाझ्माने, सॉल्व्हंटने नाही, नाहीतर कॅलिब्रेटर आणि सँपल यांची जात बदलते.

तयार किटही मिळतात. म्युनिकजवळच्या क्रोमसिस्टम्सचे आणि म्युनिकच्या रेसिपेचे अँटिमायकोटिक किट कॅलिब्रेटर आणि कंट्रोलसकट येतात. नवख्या प्रयोगशाळेला हाच मार्ग बरा. फक्त सुकवलेल्या कॅलिब्रेटरमध्ये पाणी घातल्यावर जोरात हलवू नये, फेस होतो. सांगितला आहे तेवढा वेळ तसेच ठेवून हळू उलटेसुलटे करावे.

आणि यंत्राचे नखरे. वीज गेली आणि यूपीएसने साथ सोडली की व्हॅक्यूम जातो, तो परत येऊन यंत्र स्थिरावायला तासन्‌तास लागतात. नायट्रोजन जनरेटर, एएमसी आणि यंत्र ओळखणारा माणूस हे तिन्ही नसतील, तर महागडे यंत्र नुसते झाकून ठेवलेले राहते.

यूव्हीची एचपीएलसी

हिला कमी लेखू नये. व्होरिकोनाझोल २५५ नॅनोमीटरला छान दिसते, १५० मि.मी.च्या सी१८ कॉलमवर सहा-सात मिनिटांत मोकळे पीक देते, आणि प्रथिने पाडण्यापलीकडे फारशी तयारी लागत नाही. ०.२ मि.ग्रॅ./लि. पर्यंत विश्वासाने मोजता येते, उपचारासाठी एवढे पुष्कळ. पोसाकोनाझोल आणि इट्राकोनाझोल साधारण २६२-२६३ ला दिसतात, शिवाय दोन्ही स्वतः फ्लुओरेसन्स देतात. तो डिटेक्टर असेल तर पार्श्वभूमी बरीच स्वच्छ होते. मात्र या दोघांसाठी हेक्सेन-डायक्लोरोमिथेनसारख्या मिश्रणाने ओढून, नायट्रोजनखाली सुकवून, पुन्हा विरघळवण्याचा खटाटोप बहुधा करावा लागतो. सुकवताना तापमान चढवले किंवा पुन्हा विरघळवताना घाई केली, तर नळीच्या भिंतीवर औषध राहून जाते.

खरा धोका दुसऱ्या औषधांचा. ल्युकेमियाचा किंवा अवयव प्रत्यारोपणाचा रुग्ण एकाच वेळी दहा-पंधरा औषधे घेत असतो, आणि त्यातले एखादे २५५ ला त्याच मिनिटाला डोके वर काढते. यूव्हीला दोघांतला फरक कळत नाही. अनेक तरंगलांबी एकदम पाहणारा डायोड ॲरे डिटेक्टर असेल, तर पिकाच्या चढावर, टोकावर आणि उतारावर असे तीन जागी स्पेक्ट्रम काढून एकमेकांवर ठेवावेत. ते जुळले नाहीत तर आत दोन जण आहेत. हा तपास प्रत्येक नव्या रुग्णाच्या पहिल्या सँपलला करणारी प्रयोगशाळा आम्हाला आवडते.

इम्युनोअसे आणि बायोअसे

कॅलिफोर्नियातल्या एआरके डायग्नॉस्टिक्सची व्होरिकोनाझोल चाचणी साध्या बायोकेमिस्ट्री ॲनालायझरवर चालते. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज एन्झाइम लावलेले औषध आणि रुग्णाच्या रक्तातले औषध अँटिबॉडीसाठी झगडतात, प्रकाश शोषण्यातला बदल ३४० नॅनोमीटरला मोजला जातो आणि काही मिनिटांत आकडा येतो. रात्रपाळीलाही चालवता येते, हे तिचे सगळ्यात मोठे बळ. मर्यादा अशी की एका चाचणीत एकच औषध, आणि रीएजंट उघडल्यावर सँपल कमी असतील तर बराचसा वाया जातो. सुरू करण्याआधी किमान चाळीसेक सँपल क्रोमॅटोग्राफीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत, विशेषतः १ च्या आसपासचे.

बायोअसेत आगरच्या थाळीवर औषधाला संवेदनशील कँडिडा पसरतात, खाचांत सीरम भरतात आणि दुसऱ्या दिवशी न वाढलेले वर्तुळ मोजतात. पूर्वी दुसरे काही नव्हते तेव्हा तिने काम भागवले. अडचण इट्राकोनाझोलपाशी उघड होते. त्याचा हायड्रॉक्सी मेटाबोलाइट स्वतःही बुरशी मारतो, त्यामुळे थाळी दोघांची बेरीज दाखवते आणि आकडा क्रोमॅटोग्राफीच्या दोन ते दहापट येतो. इट्राकोनाझोलची लक्ष्य-लेव्हल क्रोमॅटोग्राफीत ०.५ ते १ पासून सुरू होते, तर ब्रिटिश सोसायटी फॉर मेडिकल मायकॉलॉजीच्या २०१४ च्या मार्गदर्शनात बायोअसेसाठी ती ५ ते १७ मि.ग्रॅ./लि. अशी वेगळी दिली आहे. पद्धत न लिहिलेल्या रिपोर्टवरचा ‘इट्राकोनाझोल ४’ म्हणजे एका हिशेबाने मुबलक आणि दुसऱ्या हिशेबाने अपुरा. रुग्णाला सोबत ॲम्फोटेरिसिन किंवा कॅस्पोफंजिन चालू असेल तर थाळी त्यांचेही वर्तुळ मोजते, मग त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

ट्यूब, वेळ आणि सलाईनची नळी

यंत्र कितीही चांगले असो, जास्त आकडे वॉर्डमध्येच बिघडतात.

पिवळ्या झाकणाची जेलची ट्यूब टाळावी. सेंट्रिफ्यूज केल्यावर सीरम आणि पेशी यांच्यामध्ये जो पांढुरका थर बसतो, त्यात ही चरबीत मुरणारी औषधे शिरतात आणि ट्यूब जितका वेळ उभी राहील तितके आणखी शिरतात. लाल झाकणाची साधी ट्यूब घ्यावी, किंवा प्रयोगशाळेने ज्या ट्यूबवर पद्धत तपासली आहे ती ईडीटीए अथवा हेपरिनची. सीरम वेगळे करून दुसऱ्या नळीत काढून ठेवले की निम्मी काळजी मिटते. फ्रीजमध्ये काही दिवस ही औषधे टिकतात, कुरियरसाठी बर्फाचे जेलपॅक पुरते.

व्होरिकोनाझोल ज्या सेंट्रल लाइनमधून जात असते, तिच्यातूनच रक्त काढले तर आकडा दहा-पंधरापर्यंतही उडतो. नळी धुऊन घेतली म्हणून भागत नाही, भिंतीला चिकटलेले औषध पुढच्या रक्तात येतेच. दुसऱ्या हातातून सुईने काढावे. अनपेक्षित उंच आकडा आला की प्रयोगशाळेने पहिला फोन याच प्रश्नासाठी करावा.

वेळ म्हणजे ट्रफ, दोन डोसमधली सर्वांत खालची लेव्हल: पुढच्या डोसच्या अर्ध्या तासाच्या आत, डोस देण्यापूर्वी. व्होरिकोनाझोलला हे काटेकोर पाळावे. लोडिंग डोस झाला असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि डोस बदलला की पुन्हा. पोसाकोनाझोल शरीरात एक दिवसाहून जास्त अर्धायुष्याने रेंगाळते, म्हणून एक-दोन तास इकडेतिकडे झाले तरी चालते, पण पाचव्या-सातव्या दिवसाआधी आकड्यावर विसंबू नये. प्रतिबंधासाठी ०.७ च्या वर, उपचारासाठी १ च्या वर. इट्राकोनाझोल स्थिर व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तिथे रक्त दिवसातल्या कोणत्या तासाला घेतले याने फारसा फरक पडत नाही.

फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ, गोळी की द्राव की शिरेतून, जेवणासोबत की रिकाम्या पोटी, आणि चालू असलेली बाकीची औषधे हवीत. पोसाकोनाझोलचा द्राव तेलकट जेवणासोबत नीट शोषला जातो आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांनी तो घसरतो, त्याच्या डिलेड-रिलीज गोळ्यांना हा त्रास जवळजवळ नसतो. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूललाही आम्ल लागते, म्हणून त्या जेवणासोबत, तर त्याचे द्रावण रिकाम्या पोटी. ही माहिती रिकामी सोडली, तर ०.२ च्या आकड्यामागचे कारण शोधत डॉक्टर दोन दिवस घालवतो.

आपल्याकडे यात एक नाव हमखास विचारायला हवे: क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन. क्षयरोगाने पोखरलेल्या फुप्फुसात नंतर ॲस्परजिलस ही बुरशी घर करते, त्यासाठी इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल महिनोन्‌महिने चालते, आणि रुग्ण अजून रिफॅम्पिसिनवर असतो किंवा नुकताच संपवलेला असतो. सोबत रिफॅम्पिसिन असेल तर लेव्हल इतकी कोसळते की यंत्राला औषध दिसतही नाही. बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे ओसरत जातो. अशा सँपलमध्ये ‘०.१ पेक्षा कमी’ आले की तो यंत्राचा दोष मानून पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, एफाविरेन्झ यांचाही हात तपासावा.

सेवा म्हणून

आकडा अचूक हवाच, पण सहाव्या दिवशी आलेला अचूक आकडा रुग्णाच्या कामाचा नाही. तोवर कमी लेव्हलवर बुरशी वाढलेली असते किंवा जास्त लेव्हलवर भास सुरू झालेले असतात. सकाळी घेतलेल्या सँपलचा निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हातात, ही आमची किमान अपेक्षा. आठवड्यातून एकदा बॅच लावणाऱ्या मोठ्या केंद्रापेक्षा रोज एचपीएलसी चालवणारे जवळचे केंद्र अधिक उपयोगी ठरते ते यामुळे. पुणे-मुंबईबाहेरच्या रुग्णालयांना सँपल पाठवण्यातच एक दिवस जातो, तो दिवसही हिशेबात धरावा. २०२१ मध्ये म्यूकरमायकोसिसच्या लाटेत राज्यभर शेकडो रुग्ण पोसाकोनाझोलवर गेले. व्होरिकोनाझोलचा म्यूकरवर परिणाम होत नाही, त्यामुळे आधी फक्त व्होरिकोनाझोलसाठी बसवलेल्या पद्धतींना ते नवे औषध जोडून तपासून घ्यावे लागले असते. पद्धत बसवतानाच दोन्ही औषधे धरून ठेवावीत ती अशा वेळेसाठी.

रिपोर्टवर पद्धतीचे नाव, एकक, मोजमापाची खालची मर्यादा आणि कोणत्या लक्ष्य-पट्ट्याशी तुलना करायची हे छापलेले असावे. मि.ग्रॅ./लि. आणि मायक्रोग्रॅम/मि.लि. हे एकच, पण काही परदेशी रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये येतात. व्होरिकोनाझोलचा १ मि.ग्रॅ./लि. म्हणजे २.८६ मायक्रोमोल/लि., तेव्हा ‘३’ पाहून निश्चिंत होण्याआधी एकक वाचावे. औषध सापडले नाही तर ‘शून्य’ लिहू नये, ‘०.१ पेक्षा कमी’ लिहावे. आणि प्रयोगशाळा बाहेरच्या गुणवत्ता-तपासणीत भाग घेते का, हे विचारायला संकोच नको. ब्रिटनची यूके नेक्वास आणि नेदरलँड्समधली केकेजीटी यांच्या अँटिफंगल योजना आहेत. घरचे कंट्रोल दर वेळी बरोबर येतात, पण ते ज्या बाटलीतून केले त्याच स्टॉकमधून कॅलिब्रेटर केलेले असतील, तर चूक दोघांत सारखीच मुरलेली असते आणि घरात कधीच दिसत नाही. कंट्रोलसाठी पावडर वेगळ्या वजनाने, शक्यतो दुसऱ्या माणसाने तोलावी.

फ्लुसायटोसिन या आणखी एका बुरशीविरोधी औषधाचे गणित वेगळे आहे. त्याची ट्रफसोबत डोसनंतर दोन तासांची सर्वोच्च लेव्हलही पाहतात. १०० मि.ग्रॅ./लि. ओलांडले की अस्थिमज्जेला धोका वाढतो. रेणू लहान आणि पाण्याला धरून राहणारा असल्याने तो सी१८ कॉलमवर थांबतच नाही, म्हणून बाकीच्यांच्या पॅनेलमध्ये त्याला कोंबू नये. शिवाय इमिनोहायड्रोलेज एन्झाइमवर चालणाऱ्या कोरड्या स्लाइडच्या यंत्रावर फ्लुसायटोसिनमुळे क्रिएटिनिन खोटे वाढलेले दिसते. अशा रुग्णाची किडनी बिघडली म्हणून डोस कमी करण्याआधी क्रिएटिनिन दुसऱ्या पद्धतीने एकदा मोजून घ्यावे.